टीसीएल पावडर, २५ किलोची गोणी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

अमळनेर तालुक्यातील आमच्या गावाला बोरी नदीकाठच्या विहिरीचे पाणी मिळते. ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा सदस्य या नात्याने गेल्या नोव्हेंबरात जळगावच्या एका दुकानातून टीसीएलच्या, म्हणजे पाणी शुद्ध करण्याच्या ब्लीचिंग पावडरीच्या, तीन गोण्या मी स्वतः आणल्या. त्या किलोमागे सहा रुपयांनी स्वस्त पडल्या, म्हणजे ७५ किलोंमागे साडेचारशे रुपये वाचले, आणि ही गोष्ट मी मासिक सभेत दोनदा सांगितली. त्या साडेचारशे रुपयांची आता लाज वाटते.

आमचा जलकुंभ ५० हजार लिटरचा आहे. हजार लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणाने एका वेळेस पाव किलो पावडर लागते आणि टाकी दिवसाआड भरत असल्याने महिन्याला पावणेचार किलो संपते. एक गोणी जवळजवळ सात महिने पुरते. खरेदी करताना ही मोठी सोय वाटली होती. खरी अडचण तीच होती, हे पुढे कळले.

पहिले चार-पाच महिने तक्रारीला जागा नव्हती. पावडर कालवली की चुन्याचा गाळ लवकर खाली बसे, निवळी स्वच्छ मिळे, आणि पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे रंगावरून दाखवणाऱ्या ओटी चाचणीत गावाच्या शेवटच्या नळालाही पिवळा रंग येई. नोव्हेंबरात तपासलेल्या नमुन्यात ३१ टक्के उपलब्ध क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला कामी येणारे क्लोरीन, निघाले होते. एप्रिलअखेर मात्र तो पिवळा रंग फिका पडू लागला. जलसुरक्षक म्हणाला, "नाना, पावडर मरी गयी." मला वाटले, हाच माप कमी टाकत असेल; म्हणून दोन वेळा मी समोर उभा राहून पावडर वजन करून घेतली. त्याचे माप चोख होते. मे महिन्यात नमुना पुन्हा प्रयोगशाळेत गेला आणि १७ टक्के असा निकाल आला. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर आरोग्य विभाग वापरायोग्य मानत नाही.

गोणी उलटीपालटी करून पाहिली तेव्हा लक्षात आले की तिच्यावर उत्पादनाची तारीखच नाही. बॅच क्रमांक नाही, आयएसआयची खूण नाही, खुणेखाली असतो तो परवाना क्रमांकही नाही. फक्त "आयएस १०६५" एवढी अक्षरे मोठ्या दिमाखात छापलेली. मानकाचा क्रमांक छापायला शाई पुरते, मानक पाळल्याचा परवाना घ्यायला नाही! दुकानदाराचे म्हणणे असे की फोडलेली गोणी परत घेत नाहीत, आणि न फोडलेल्या गोणीत दोष आहे हे मी सिद्ध करावे. अर्धा तास वाद झाला आणि भाडे खर्चून मी रिकाम्या हाताने परतलो.

हा अनुभव तेव्हाच लिहिला असता तर सगळा दोष दुकानदाराच्या माथी मारला असता. पण तिन्ही गोण्या आम्ही ठेवल्या होत्या पंपाच्या पत्र्याच्या खोलीत. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४४-४५ अंश असतात, तेव्हा त्या पत्र्याखाली काय होत असेल ते सांगायला नको. टीसीएल म्हणजे ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम. उष्ण प्रदेशात टिकावी म्हणून या पावडरीत जास्तीचा चुना असतो. तरी उष्णता, ओल आणि उजेड या तिन्हींपुढे तिचे बळ टिकत नाही. खोलीतली कडी आणि व्हॉल्व्हचे चाक गंजून लाल झाले होते; गोणीतून निसटलेल्या क्लोरीनचाच तो पुरावा होता, पण आम्ही त्याला इतके महिने ओल समजत राहिलो. म्हणून निम्मा दोष आमचा.

त्यानंतर उरलेल्या दोन गोण्या एका रिकाम्या, जुन्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरात हलवल्या. तिथे दुपारीही अंधार आणि गारवा असतो (पावसाळ्यात धाबे गळते, म्हणून गोण्या झाकणाच्या प्लास्टिक पिंपांत ठेवल्या). जूनमध्ये दोन्ही गोण्या एकाच दिवशी फोडून नमुने पाठवले. एकीत २६ टक्के निघाले, दुसरीत १९. दोन्ही एकाच दिवशी आणलेल्या, एकाच खोलीत तापलेल्या, एकाच घरात निवलेल्या. म्हणजे सात टक्क्यांचा फरक आमच्याकडे येण्यापूर्वीचाच असणार. ती १९ टक्क्यांची तिसरी गोणी जुनी होती, अशी माझी खात्री आहे, पण तारखेअभावी ती मला कोणापुढेही मांडता येत नाही.

एका छापील तारखेवर एवढा हट्ट कशाला, असे समितीतल्या काहींचे मत आहे. पाण्याच्या आयएस १०५०० या मानकाविषयी सगळे बोलतात, नळाचे नमुने नियमाने जातात, पाणीपुरवठ्याच्या स्थितीनुसार ग्रामपंचायतींना लाल-पिवळी-हिरवी कार्डे मिळतात; मात्र त्याच पाण्यात जी वस्तू आपण हाताने ओततो ती कुठून आली, कधी बनली, हे विचारणारा भेटत नाही. अमेरिकेत पाणी शुद्ध करण्याच्या रसायनांसाठी एनएसएफ ६० हे वेगळे मानक आहे आणि त्यात रसायनातून पाण्यात येणारी अशुद्धीही मोजली जाते. इंग्लंडमध्ये २०१६ च्या पाणीगुणवत्ता नियमांतला ३१ वा नियम सार्वजनिक पाण्यात वापरायच्या पदार्थांवर आणि साहित्यावरच आहे. त्याच देशात, कॉर्नवॉलमधील कॅमलफर्डजवळ, जुलै १९८८ मध्ये २० टन अॅल्युमिनियम सल्फेट चुकीच्या टाकीत ओतले गेले आणि सुमारे २० हजार लोकांच्या नळांना ते पाणी गेले. रसायन नेहमीचेच होते, टाकी भलती होती. तेव्हा वस्तू, तिची ओळख आणि तिची जागा लिहून ठेवणे ही मला तरी कारकुनी वाटत नाही.

खर्चाचा हिशेबही सांगतो, कारण सभेत तोच चालतो. ३१ टक्क्यांची पावडर पाव किलो लागते तिथे १७ टक्क्यांची जवळजवळ साडेचारशे ग्रॅम टाकावी लागली. गाळ वाढला, निवळीला वेळ लागला, आणि किलोमागे वाचलेले सहा रुपये केव्हाच बुडाले.

आता एका वेळी एकच गोणी घेतो, तीही खूण, परवाना क्रमांक आणि तारीख पाहून, आणि बॅच क्रमांक बिलावर लिहून घेतो. परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अॅपवर दुकानातच तपासतो, दुकानदार वैतागतात. श्रावणात कानबाईच्या सणाला घरोघरी पाहुणे आले तेव्हा नव्या गोणीची पावडर वापरली आणि शेवटच्या नळाला रंग व्यवस्थित आला. तिसऱ्या गोणीतले सात किलो उरले आहेत; ते गटारींवर टाकण्यासाठी बाजूला काढून पिंपावर खडूने "पिण्याच्या पाण्यासाठी नाही" असे लिहिले आहे, आणि खाली तारीखही.