पाण्याने गिरवायचं कापड: आठ महिने वापरल्यावर

मार्चमध्ये शांघायच्या घरी हा संच मागवला. पाण्याने लिहायचं कापड, कुंचला, प्लास्टिकची वाटी आणि चिनी अक्षरांचा कित्ता, सगळं मिळून ३९ युआन. मुलगी सात वर्षांची, मुलगा साडेचार. ओला कुंचला फिरवला की कापडावर काळं उमटतं आणि काही मिनिटांत वाळून पुन्हा कोरं. आपली धुळाक्षरंच, फक्त धूळ नाही.

हात बसवायला कापड उत्तम आहे, हे आधीच सांगते. शाईच नाही, त्यामुळे सोफा, भिंत आणि आई तिघंही सुखी. चूक आपोआप पुसली जाते म्हणून मुलगी चिडत नाही (शाळेच्या वहीला खोडरबराने भोक पाडणारी पोर आहे ही). पहिली शिकायची ती आडवी रेघ, 'हंग'. ती काढली की 'एक' लिहून झालं! दोन रेघा म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. मग धाकट्याने चार रेघा काढून 'चार' म्हणून ऐटीत दाखवलं. चारचं अक्षर चौकटीसारखं असतं म्हटल्यावर आपल्याला फसवलंय असा चेहरा करून उठूनच गेला.

कुंचला धरणं मात्र जड गेलं. तो पेन्सिलीसारखा तिरका नाही, ताठ उभा धरायचा. बोटं घट्ट, तळवा पोकळ. लेकीच्या तळव्यात कागदाचा बोळा ठेवून पाहिला, तेव्हा कुठे जमलं. धाकट्याला अजून जमत नाही आणि मी मागेही लागत नाही. इथल्या शाळांसाठीच्या २०१३ च्या सरकारी मार्गदर्शिकेतही कुंचला तिसरीपासूनच आहे. आपल्याला कसली घाई?

आता तक्रारी. संचातला कुंचला टाकाऊ. टोक फिसकटतं आणि एका रेघेच्या दोन होतात. शेवटी फूचौ रोडवरच्या दुकानातून मिश्र केसांचा घेतला. नुसत्या बकरीच्या केसांचा कुंचला पाणी भरपूर धरतो, पण इतका मऊ की लहान हाताला आवरत नाही. 'लांडग्याच्या केसांचा' म्हणून मिळतो तो खरं तर वीझल या मुंगसासारख्या प्राण्याच्या केसांचा. तो ताठ असतो. मिश्र म्हणजे दोन्हींचा मधला. नव्या कुंचल्याला खळ लावलेली असते, ती कोमट पाण्यात सोडवायची. मी शहाणपणा करून कढत पाणी घेतलं, आतला डिंक सुटला आणि केसांचा झुपकाच हातात आला. दुसरा घ्यावा लागला.

जूनमध्ये इथला 'मेई-यू' पाऊस लागला की कापड वाळायचं नावच घेत नाही. पहिलं अक्षर जाईना, त्यावरच दुसरं. कुंचल्याला बुरशी आली ती वेगळीच. तेव्हापासून धुऊन, टोक खाली करून टांगते. कापड घडी घालून ठेवलं होतं, तर घडीवरचा थर उडाला आणि तिथे काही उमटेना. गुंडाळूनच ठेवा.

पण खरी गोम ऑगस्टमध्ये कळली. लेकीची 'हंग' कापडावर इतकी सुबक यायला लागली होती की कौतुकाने 'श्वान' नावाचा, शाई शोषून घेणारा चिनी कागद आणि बाटलीतली शाई आणली. पहिल्याच रेघेचा सुरवंट झाला. शाई पसरत गेली आणि ही रडायला लागली. कुंचल्यात ओल किती ठेवायची, हात कधी उचलायचा, हे कापड शिकवतच नाही. त्याला थेंब काय नि ओघळ काय, सारखंच. कापडावर दोन-तीन महिने झाले की शाई द्यायला हवी होती, मी पाच घालवले. आणि श्वान नाही, सरावाचा स्वस्त पिवळसर माओब्येन कागद आणायचा. आम्ही आता त्यावरच आहोत. रविवारी फक्त शाई, जुना शर्ट घालून, कारण ही शाई कपड्यावरून जात नाही.

धाकटा कापडावरच खुश आहे. फुशिंग पार्कमध्ये आजोबा मंडळी लांब दांड्याच्या स्पंजाने फरशीवर पाण्याची अक्षरं लिहितात, ती वाळेपर्यंत हा तिथून हलत नाही. घरी येऊन मग कापडावर 'ग' काढतो, काना विसरून.

आता नवीन घेणार ते नुसतं कापड, कित्त्याशिवाय. १२ युआनला मिळतं.