सरकारी वस्तुसंग्रहालय: पाचपैकी अडीच, तेही शिपाईबाबांमुळे

खान्देशातलंच आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. माझी उभी नोकरी जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात गेली, त्यामुळे कुठेही गेलो तरी मूर्तीच्या आधी नजर खर्चावर जाते.

बाहेर चकचकीत ग्रॅनाइट, आत भिंतीएवढा टचस्क्रीन. तो बंद, कडेचं प्लास्टिकसुद्धा अजून सोललेलं नाही. वॉटर कूलर कोरडा. स्वच्छतागृहाला कुलूप. सूनबाईंनी विचारलं तर शिपाईबाबा म्हणाले, "चावी सायेबजोडे शे." साहेब मीटिंगला.

यात पैसा खाल्ला असेलच असं नाही. निधी येतो उशिरा आणि ३१ मार्चपर्यंत खर्च झाला नाही तर व्यपगत होतो, म्हणजे हातचा जातो. मग एका देयकात बसेल अशी मोठी वस्तू घेऊन मोकळं व्हायचं. कूलरचा फिल्टर, बल्ब, सफाईवाल्या बाईंचा पगार हे दर महिन्याचं दुखणं, आणि देखभालीच्या लेखाशीर्षात, म्हणजे त्या खर्चाच्या खात्यात, कायम खडखडाट. शिवाय फिल्टर बदलल्याचं उद्घाटन कोण करणार?

आता खरी गोष्ट. कोपऱ्यात एक सुंदर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव स्मृतिदगड, उभा आहे. खाली कार्ड: 'शिल्प, काळा पाषाण'. बस्स. नातू पुढे निघाला होता, तेवढ्यात शिपाईबाबांनी हाक मारून त्याला बसवलं आणि बोट खालून वर नेलं. सगळ्यात खाली लढाई आणि पडलेला वीर, त्याच्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या टोकाला पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच वीर. पोरगं हलेना. या माणसाला टचस्क्रीनच्या किमतीतला किती वाटा मिळत असेल, याचा हिशेब मी मनात केला आणि सोडून दिला. निदान तो सांगतो तेच चार ओळींत कार्डावर छापा की! आकस्मिक खर्चातही बसेल.

लोक लगेच जळगावच्या गांधीतीर्थाचं उदाहरण देतात. २०१२ साली सुरू झालेलं ते संग्रहालय नीटनेटकं आहे, कानाला लावून ऐकायची सोयही आहे. पण ते ट्रस्टचं. तिथे फिल्टरसाठी कुणाला प्रस्ताव पाठवावा लागत नसणार.

जायचं असेल तर सकाळी लवकर जा, पाण्याची बाटली घरून न्या, सोमवार टाळा. म्हातारं माणूस बरोबर असेल तर चावीची चौकशी आधी करा.