पहिली टेबल टेनिसची (टीटी) बॅट: स्टिगा ऑलराउंड क्लासिक, यासाका मार्क फाइव्ह रबरासह

सोलापुरात पहिली बॅट घेताना दोन चुका ठरलेल्या: एकतर दुकानाच्या काचेच्या कपाटातली तयार बॅट, नाहीतर थेट कार्बनची, म्हणजे लाकडात कार्बन तंतूंचे थर असलेली. तयार बॅटचं लाकूड बरेचदा ठीक असतं, गोची रबराची. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या गावात वर्ष-दोन वर्षं पडून राहिलेलं रबर सुकतं. बॉल रबरावर हलका दाबून ओढून पाहा. अडकत सरकला तर घ्या, काचेवरून गेल्यासारखा घसरला तर परत ठेवा. कार्बनची बॅट फार वेगवान. फटका बसायच्या आधीच बॉल टेबलाबाहेर जातो, मग पोरं भीतीने नुसता बॉल ढकलत राहतात आणि हाताला तेच वळण लागतं.

त्यापेक्षा ही जोडी: स्टिगाचं लाकूड, त्यावर यासाकाचं रबर. लाकडाचे पाच थर, कार्बन नाही. बॉल कुठे लागला ते तळहाताला कळतं. रबर दोन्ही बाजूंना १.८ मिमी स्पंजचं (रबराखालचा मऊ थर) घ्या, एक काळं, एक लाल. २ मिमीच्या पुढे गेलात तर समोरच्याची सर्व्हिस परतवताना बॉल उंच उडतो. पूर्ण बॅट १७०-१८० ग्रॅमच्या आसपास भरते. लहान मुलासाठी १.५ मिमीही पुरे. मूठ फ्लेअर्ड, म्हणजे खाली रुंद होणारी. घामेजल्या हातातून निसटत नाही.

रबर दुकानदाराकडूनच चिकटवून घ्या, पण समोर उभं राहून. पाण्यावर आधारित पांढरा गोंद स्पंजला आणि लाकडाला लावायचा, तो पारदर्शक झाल्यावरच जोडायचं. रबर ताणून लावलं की नंतर आकसतं आणि कडा सुटतात. पंक्चरचं सोल्युशन कुणी काढलंच तर बॅट उचलून चालू पडा. असे बाष्पशील द्रावकांचे, म्हणजे हवेत उडून जाणाऱ्या रसायनांचे गोंद स्पर्धांतून २००८ मध्येच हद्दपार झाले.

तक्रारी आहेतच. तयार बॅटच्या कित्येक पट पैसे जातात. मुठीच्या वरच्या कडा अंगठ्याला टोचतात, बारीक पॉलिश पेपरने गोल कराव्या लागतात. स्मॅशला जोर कमी. साइड टेप (बॅटच्या कडेची पट्टी) लावली नाही तर टेबलावर आपटून कडेचं लाकूड उडतं.

रोज खेळून झाल्यावर ओल्या स्पंजने रबर पुसा. सोलापुरी टॉवेल मात्र घामापुरताच. त्याचे तंतू रबराला चिकटतात आणि फिरकी जाते. बॅट गाडीच्या डिकीत ठेवू नका, मे महिन्यात तर नाहीच.