कार्ब्युरेटरवाल्या मारुती 800 वर घरी बसवलेलं ईएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन), उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

गाडी जुनी मारुती 800, 796 सीसी, तीन सिलिंडर. ईसीयू, म्हणजे इंजेक्टर किती वेळ उघडायचा ते ठरवणारा कॉम्प्युटर, स्पीडुइनो नावाचा, आर्डुइनो मेगा या छोट्या सर्किट बोर्डवर चालणारा. सगळं काम इंदूरला घराच्या पोर्चमधेच केलंय. आता रोज ऑफिसला हीच गाडी असते, म्हणून सेन्सर आणि इंजेक्टर निवडताना खरंच काय उपयोगी पडलं ते लिहितोय. माझं मत पक्कं झालंय: पार्ट महाग की स्वस्त ते नंतर, आधी त्याचा डेटा मिळतो का ते बघा. ज्याचा फ्लो, डेड टाइम (इंजेक्टर उघडण्यात वाया जाणारा वेळ), कॅलिब्रेशन काहीच माहीत नाही तो फुकट मिळाला तरी घेऊ नका.

इंजेक्टरचा हिशोब सोपा आहे. 40 बीएचपी धरले, दर बीएचपीला तासाला अर्धा पाउंड पेट्रोल, त्याला तिनानी भागलं आणि ड्यूटी (इंजेक्टर उघडा राहण्याचं प्रमाण) 80 टक्के ठेवली की एका इंजेक्टरला मिनिटाला साधारण 88 सीसी येतात. वर आता पंपावर ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, साध्या पेट्रोलचा हवा-पेट्रोल रेशो 14.7 तर याचा 13.5 च्या आसपास, म्हणजे जवळपास 9 टक्के जास्त पेट्रोल सोडावं लागतं. म्हणून 120 सीसीवाले घेतले. ओळखीतले बरेच जण म्हणाले 240 चे टाक, पुढे कामाला येतील. पण मोठा इंजेक्टर आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) जेमतेम दोन मिलिसेकंद उघडतो आणि त्यातला एक मिलिसेकंद नुसता सुई उचलण्यातच जातो, मग हेडलाइट-पंखा लावून व्होल्टेज जरा पडलं की मिक्श्चर हललंच. छोट्या इंजेक्टरवर माझं आयडल एकदम शांत आहे.

ऑनलाइन मागवलेला नवा सेट आधी टेस्ट बेंचवर लावला, तर तीन नळ्यांपैकी एकीत पातळी नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकी खाली. परत केला. मग भंगारातून एकाच गाडीचे तीन आणले, अल्ट्रासॉनिकमधे साफ करून घेतले, तिन्ही नळ्या सारख्या भरल्या, अजून तेच चालू आहेत. मल्टीमीटरवर 12 ओहम दाखवतात, म्हणजे ईसीयूतल्या ड्रायव्हर सर्किटला थेट जोडता येतात. 2-3 ओहमवाले आले तर वेगळा पीक-अँड-होल्ड ड्रायव्हर (आधी जास्त करंट देऊन मग कमी करणारा) लागतो, त्या भानगडीत पडू नका.

मॅप सेन्सरला (इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणारा) बहुतेक लोक एमपीएक्स4250 लावतात, तो 250 केपीएपर्यंत (किलोपास्कल) वाचतो. टर्बो नसेल तर त्याचा अर्ध्याहून जास्त पट्टा वायाच जातो. मी 4115 लावला, तो 115 केपीएपर्यंतच जातो, पण दर केपीएला 20 च्या जागी जवळपास 46 मिलिव्होल्ट देतो, त्यामुळे हलक्या थ्रॉटलवर पेट्रोलचं टेबल बारीक ट्यून करता येतं. इंजिन बंद ठेवून चावी फिरवली की इंदूरला 95 च्या आसपास दिसतं, सिमरोलचा घाट उतरून बडवाहला गेलात की 98-99, कारण खाली उतरलं की हवेचा दाब वाढतो. सेन्सर खरं बोलतोय का हे तपासायची ही माझी आवडती पद्धत.

इनटेक हवेचा सेन्सर उघड्या टोकाचाच घ्या. बंद पितळी टोपीवाला ट्रॅफिकमधे तापून बसतो आणि हवा गार झाली तरी बराच वेळ गरमच सांगत राहतो, मग ईसीयू पेट्रोल कमी करतो आणि मे महिन्यात सिग्नल सुटला की गाडी अडखळते. मी तो एअर फिल्टरच्या तोंडाशी नेला आणि ते थांबलं.

क्रँक कुठे फिरलाय ते ईसीयूला कळायला 36-1 चं चाक (36 दात्यांच्या जागा, त्यातला एक गाळलेला) आणि हॉल सेन्सर. व्हीआर (चुंबक-कॉइलवाला सेन्सर) स्वस्त पडतो पण त्याला वेगळं कंडिशनर सर्किट लागतं आणि वायर उलटी जोडली गेली तर ईसीयूचा क्रँकशी सिंक (मेळ) भटकत राहतो. शील्डेड वायर घ्या, शील्ड फक्त ईसीयूच्या बाजूनी अर्थ करा.

वाइडबँडवर (धुरावरून हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा ऑक्सिजन सेन्सर) मात्र पैसे वाचवू नका. बॉशचा एलएसयू 4.9 सेन्सर आणि बरा कंट्रोलर घ्या, ट्यूनिंग लॅम्ब्डामधे (प्रत्यक्ष रेशो भागिले त्या पेट्रोलचा योग्य रेशो) करा म्हणजे ई20 मुळे आकड्यांचा गोंधळ होत नाही. सेन्सर एक्झॉस्ट पाइपाच्या वरच्या अंगाला तिरका बसवा, खाली बसवलात तर पावसाळ्यात थंड स्टार्टला पाइपात साठलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर उडतं आणि ते तडकतं. हीटरचा रिलेही इंजिन सुरू झाल्यावरच लागेल असा जोडा.