गोष्टींचे फासे, गृहपाठ आणि ‘मग मला जाग आली’ : बरेच महिने वापरल्यानंतर

नऊ फाशांच्या संचातला एक फासा हरवला. तेवढाच एक विकत मिळेल का, असं कंपनीला विचारलं. उत्तर आलं, सुटा फासा मिळत नाही, नवीन संच मागवा. मी पुन्हा लिहिलं की उरलेल्या आठांचं मी काय लोणचं घालू? त्यावर ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत’. दोन दिवसांनी आणखी एक मेल : आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? तारे देण्यापेक्षा सविस्तरच लिहावं म्हटलं. संच स्वतःच्या पैशानं घेतलेला आहे, शाळेच्या नाही, त्यामुळे एका फाशासाठी एवढं काय, हा प्रश्न कृपया विचारू नये.

वस्तू काय आहे ते बहुतेक इंग्रजी शिकवणाऱ्यांना माहीत असेल. नऊ फासे, आकड्यांऐवजी चित्रं, एकूण ५४. फासे टाकायचे आणि पडतील ती चित्रं घेऊन गोष्ट रचायची. डबीवर ‘एक कोटीहून अधिक गोष्टी’ असं छापलंय. ते गणित मी करून पाहिलं आणि ते खरं आहे : सहाचा नववा घात १,००,७७,६९६ येतो. पण नऊच्या नऊ फासे एकदम टाकले की आठवी-नववीची मुलं गोष्ट लिहीत नाहीत, चित्रांची हजेरी घेतात. एक झाड होतं, मग एक पूल होता, मग एक किल्ली होती, मग एक मेंढी होती. सगळे हजर, गोष्ट गैरहजर. म्हणून पहिल्याच आठवड्यात तीन फाशांवर आले. नवांतले कोणतेही तीन धरले तरी १८,१४४ जुळण्या होतात, मला निवृत्तीपर्यंत पुरतील.

तीन फासे मात्र चालतात, आणि का चालतात हेही सांगते. ‘आवडत्या विषयावर गोष्ट लिहा’ असं म्हटलं की निम्मा वर्ग छताकडे बघतो. हात बांधून दिले की तीच मुलं लिहायला लागतात. ही काही माझी शोधून काढलेली गोष्ट नाही. इटलीतले बालसाहित्यिक जान्नी रोदारी, ज्यांना १९७० साली अँडरसन पुरस्कार मिळाला, ते मुलांना एकमेकांशी काही संबंध नसलेले दोन शब्द द्यायचे. कुत्रा आणि कपाट हे त्यांचं प्रसिद्ध उदाहरण. घोडा आणि कुत्रा दिलेत तर मूल जांभई देतं. कुत्रा आणि कपाट म्हटलं की आपोआप प्रश्न पडतो, हा कुत्रा कपाटात करतोय काय? फासे हेच काम यंत्रासारखं करतात, आणि शिक्षकाला रोज रात्री बसून विचित्र जोड्या शोधाव्या लागत नाहीत. एवढ्या एका कारणासाठी पैसे वसूल झाले असं मी पहिल्या महिन्यात सगळ्यांना सांगत होते.

आता झोपलेल्या चेहऱ्याकडे येऊ. एका फाशाच्या एका बाजूला मिटल्या डोळ्यांचा चेहरा आहे आणि त्याच्यावर तीन झेड तरंगताहेत. ५४ पैकी एक चित्र. पण हे चित्र ज्यानं निवडलं त्यानं कधी शाळेतल्या वह्या तपासलेल्या नाहीत, हे मी लिहून देते. चेहरा पडला की गोष्टीचा शेवट ठरला : ‘देन आय वोक अप. इट वॉज ओन्ली अ ड्रीम.’ समुद्री चाचे बोटीवर चढलेत, दोर कापलाय, कप्तानाच्या गळ्याला सुरी लागलीय, आणि पुढच्याच ओळीत आई हाक मारतेय की शाळेला उशीर होतोय. वाचणाऱ्यानं दोन पानं ज्या कप्तानाची काळजी केली तो मुळात नव्हताच. माझ्या मते ही फसवणूक आहे.

मी त्या बाजूवर कागद चिकटवला. मुलांनी तो नखानं काढला. मग असा चेहरा आला तर फासा पुन्हा टाकायचा, असा नियम केला. त्यावर नववीतल्या एका मुलीनं उभं राहून विचारलं, ‘टीचर, मग ॲलिसचं काय?’ १८६५ सालचं ‘ॲलिस इन वंडरलँड’ हे पुस्तक वर्गाच्या कपाटात होतं आणि तिनं ते शेवटपर्यंत वाचलेलं होतं. शेवटी ॲलिसला जाग येते, डोकं बहिणीच्या मांडीवर असतं, आणि सगळं स्वप्न निघतं. मी म्हटलं, तिथलं सगळंच स्वप्नासारखं वेडंवाकडं चालतं, पहिल्या पानापासून. तुमच्या गोष्टीत पोलीस, पंचनामा सगळं रीतसर असतं आणि स्वप्न शेवटच्या ओळीत टपकतं. तिला ते पटलेलं दिसलं नाही. मलाही उत्तर देताना पूर्ण पटलं नव्हतं, पण तास संपला.

आणि मग नेमका तोच फासा हरवला. कुणी ढापला असेल तर पहिला संशय माझ्यावर यायला हवा. इथपर्यंत लिहून मी वस्तूला साडेचार तारे देणार होते : अर्धा तारा झोपलेल्या चेहऱ्याचा कापायचा, आणि कंपनीनं आपण होऊनच हा दोष काढून संच विकावा अशी सूचना करायची.

पुढची भर, काही आठवड्यांनंतर :

आठ फाशांवर काम चालू आहे आणि मत बदललं आहे. झोपलेला चेहरा गेला तरी स्वप्नं गेली नाहीत. तसं पाहिलं तर आधीच हिशेब करायला हवा होता. नवांतले तीन फासे घेतले तर तो चेहरा वर येण्याची शक्यता अठरात एक. निम्म्या वह्यांमध्ये जी जाग येत होती तिचा दोष एकट्या त्याच्या माथी कसा मारणार?

वह्या शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली. वर्गात लिहिलेल्या गोष्टींत कुणी झोपेतून उठत नाही. तिथं पंधरा मिनिटं मिळतात, घंटा होते, गोष्ट अर्धी तुटते. जाग येते ती घरी, आणि तीही ठरलेल्या जागी : दुसऱ्या पानाच्या शेवटच्या तीन-चार ओळींत. कारण गृहपाठाच्या फळ्यावर वर्षानुवर्षं एकच वाक्य लिहिलेलं असतं, ‘गोष्ट पूर्ण करा, दोन पानं’. मूल दोन पानं भरतं. नवनवीन पात्रं आणतं, वादळ आणतं, एखादा जुळा भाऊ आणतं, आणि तळ दिसायला लागला की एका ओळीत सगळ्यांना घालवून देतं. गादीखाली पसारा ढकलून खोली आवरली म्हणायचं, तसं.

यात भाषेचाही भाग आहे, आणि माझ्यासारख्या, इंग्रजी घरची भाषा नसलेली मुलं शिकवणाऱ्यांनी तो लक्षात घ्यावा. गोष्ट सुरू करायला साधा भूतकाळ पुरतो : तो गेला, तिनं पाहिलं, दार उघडलं. शेवट करायला कारण सांगावं लागतं. कुणाला काय उमगलं, आधी काय घडून गेलेलं होतं, ते घडलं नसतं तर काय झालं असतं. म्हणजे पूर्ण भूतकाळ आला, जर-तरची वाक्यं आली, आणि तिथं लाल शाई लागणार हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. ‘आय वोक अप’ हे तीन शब्दांचं वाक्य कधीच चुकत नाही. हुशार मुलं मुद्दाम तिथं जातात. मी त्यांच्या जागी असते तर मीही गेले असते.

मग गृहपाठ उलटा केला. वर्गात एकच फासा टाकायचा आणि त्या चित्रावरून गोष्टीचं शेवटचं वाक्य लिहायचं. फक्त तेवढंच, स्वतःच्या अक्षरात, आणि खाली माझी सही. घरी जाऊन त्याच्या आधी काय झालं ते लिहायचं, जास्तीत जास्त अर्धं पान. अर्ध्या पानाच्या वर लिहिलेलं मी वाचत नाही, हेही सांगून टाकलं. अमेरिकी लेखक एडगर ॲलन पोनं १८४६ सालच्या एका लेखात असाच आग्रह धरलाय की शेवट डोक्यात पक्का असल्याशिवाय कागदाला लेखणी लावू नये. त्यानं स्वतः ते किती पाळलं याबद्दल अभ्यासकांना शंका आहे, पण नववीच्या वर्गाला सल्ला चांगला लागू पडतो.

फरक लगेच पडला. एका मुलाला किल्ली आली होती. त्याचं शेवटचं वाक्य : ‘द की डिड नॉट फिट, अँड ही वॉज ग्लॅड.’ किल्ली लागली नाही आणि त्याला बरं वाटलं. हा मुलगा एरवी चार ओळींच्या पुढे जात नाही. घरून तो अर्धं पान घेऊन आला : आजोबा गेल्यावर त्यांची पेटी उघडायची म्हणून सगळं घर किल्ल्या शोधतंय, आणि आत काय आहे ते त्या एकट्याला माहीत आहे. पेटीत काय होतं ते त्यानं शेवटपर्यंत लिहिलेलं नाही. काळाच्या चुका भरपूर होत्या. मी दोनच सुधारल्या, जिथं आधी काय आणि नंतर काय याचा गोंधळ होत होता तेवढ्या. प्रत्येक चुकीवर शाई ओतून मुलांचं लेखन सुधारतं का, यावर परभाषेतल्या लेखनाचे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ साली ‘नाही, उलट नुकसान होतं’ असं ठाम लिहिलं होतं, आणि तो वाद अजून चालू आहे. मी पूर्णपणे त्यांच्या बाजूची नाही. पण पन्नासएक वह्या समोर असताना त्यांची बाजू फार आकर्षक वाटते, हे खरं.

यंत्राकडून लिहून आणण्याबद्दल विचारणा झाली होती, म्हणून तेही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून ‘फासे टाकून गोष्ट लिहा’ हा गृहपाठ राहिलेलाच नाही. तीन चित्रांची नावं टाइप केली की गोष्ट तयार. अशा गोष्टींत स्वप्न क्वचितच असतं. त्यांत शेवटी मेंढीला कळतं की खरा खजिना मैत्रीच होती. दहा वह्यांत दहा मेंढ्यांना हेच कळलेलं. त्या दिवशी मला समुद्री चाच्यांची आणि आईच्या हाकेची आठवण आली. ते निदान मुलानं स्वतः केलेलं होतं. कोणती गोष्ट यंत्राची ते ओळखून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरं मी वापरत नाही, त्यांच्या भरवशावर मुलाला खोटारडं ठरवायची माझी तयारी नाही. सहीचं शेवटचं वाक्य थोडंफार काम करतं, कारण त्याच्याशी जुळवून घ्यायला यंत्राला सांगायचं तरी मुलाला आपल्या वाक्याचा विचार करावा लागतो. याहून जास्त उपयोग होतो तो दुसऱ्या दिवशी तोंडी विचारण्याचा : पेटी उघडली नाही म्हणून बरं कुणाला वाटलं, आणि का? ज्यानं लिहिलंय तो लगेच बोलायला लागतो, कधी कधी थांबवावा लागतो.

किरकोळ गोष्टी भराभर. बाकावर फासे टाकले की खडखडाट होतो, शेजारच्या वर्गातून निरोप येतो. खाली रुमाल अंथरा. फोनवरचं ॲप घेऊ नका, मनासारखं चित्र येईपर्यंत मुलं फोन हलवत बसतात. घरी पुठ्ठ्याचे फासे करून पाहिले, कोपरे लगेच दबतात आणि मग एकच बाजू सारखी वर येते. मोठ्या वर्गाला एकच संच पुरतो का, तर पुरतो : एकदा टाकायचे, फळ्यावर चित्रं काढायची, सगळ्यांना तीच तीन. माझी चित्रकला बघून मुलं मेंढीला ढग समजतात, आणि त्यातून वेगळ्याच गोष्टी निघतात, तो फायदा धरायचा.

शेवटचा निकाल : गोष्ट सुरू करून द्यायला पाचपैकी साडेचार तारे. शेवटासाठी, जसे डबीवर सांगितलेत तसे वापरले तर, दीड. कंपनीच्या सेवेला शून्य, आणि तो पर्याय त्यांच्या फॉर्मवर नाही, एकपासूनच सुरुवात होते. झोपलेल्या चेहऱ्यावरचा आरोप मागे घेते, पण फासा परत मिळाला तरी कागद चिकटवणारच.

नवीन संच घेणार असाल तर डबी उघडून बघू देत असतील तिथूनच घ्या. चित्रं कोरलेली आहेत की नुसती छापलेली, ते नखानं तपासा. छापलेली चित्रं मुलांच्या घामट हातांनी एका सत्रात पुसट होतात, आणि पुसट पुलाला नववीचा वर्ग एकमतानं इंद्रधनुष्य म्हणतो.