डोमेन प्रायव्हसी: पहिल्या रिन्यूअलनंतरचा अनुभव

थेट सांगते. डॉट कॉम डोमेन (वेबसाइटचा पत्ता) घेताय तर प्रायव्हसी, म्हणजे डोमेनच्या नोंदीतली आपली माहिती झाकणारी सोय, चालू हवीच, पण तिच्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. मी घरून भरतकामाचे ऑनलाइन वर्ग घेते. व्यवसायाचा पत्ता म्हणजे घराचाच पत्ता, आणि मोबाइल नंबरही एकच. त्यामुळे ही सोय जरा चिकित्सेनंच वापरली.

पूर्वी डोमेन घेतलं की नाव, पत्ता, फोन, ईमेल सगळं 'हू-इज'मध्ये, म्हणजे डोमेन कुणाचं ते दाखवणाऱ्या सार्वजनिक नोंदीत, जगजाहीर व्हायचं. २५ मे २०१८ ला युरोपात जीडीपीआर हा खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू झाला. त्याच्या आठवडाभर आधी आयकॅननं (डोमेनचे नियम ठरवणारी जागतिक संस्था) तात्पुरता नियम काढला आणि ही माहिती झाकली जाऊ लागली. मात्र सक्ती युरोपातल्या ग्राहकांपुरतीच होती. आपली माहिती झाकायची की नाही, ते रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, मर्जीवर. म्हणून प्रायव्हसी अजूनही कामाची. तिच्यात नोंदीत आपल्याऐवजी त्या सेवेचं नाव-पत्ता दिसतो आणि ईमेलच्या जागी एक फॉरवर्डिंग पत्ता, तिथे आलेला मेल आपल्याकडे धाडणारा.

माझं डॉट कॉम आयकॅनच्या लुकअप पानावर अधूनमधून तपासते. (जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या डोमेनसाठी हू-इजची सक्ती संपली, आता त्याच्या जागी आरडॅप ही नवी पद्धत चालते; तुमच्या-माझ्यासाठी फरक फारसा नाही.) घराचा पत्ता, फोन कुठेच नाही. फॉरवर्डिंग पत्त्यावर दुसऱ्या खात्यातून मेल टाकून पाहिला, तो आला, पण स्पॅममध्ये. तेव्हा त्या फोल्डरवर नजर असू द्या.

'ऑर्गनायझेशन'चा रकाना मात्र जपून भरा. प्रायव्हसी सेवा नसेल तर बाकी सगळं झाकूनही हा रकाना, राज्य आणि देश उघडे राहू शकतात. फॉर्ममध्ये जागा दिसली म्हणून लोक तिथे स्वतःचंच नाव टाकतात. कंपनी नसेल तर कोरा सोडा.

डॉट इनचं गणित वेगळं. तिथे निक्सीच्या (डॉट इन सांभाळणारी भारतीय संस्था) धोरणानुसार प्रायव्हसी किंवा प्रॉक्सी (आपल्याऐवजी दुसऱ्याच्या नावे नोंद करणारी) सेवा चालतच नाही. नाव, फोन, पत्ता हल्ली नोंदीत 'रिडॅक्टेड' (झाकलेला) दिसतो, पण मी डॉट इन घेतलं त्याच दिवशी फोन सुरू झाले. "मॅडम, डोमेन घेतलंय ना? वेबसाइट बनवून देऊ?" माहिती कुठून फुटली, सांगता येत नाही. तीनचार दिवस नुसता वैताग, मग ओसरलं. डॉट कॉमच्या वेळी असा एकही फोन नव्हता.

आता तक्रार. माझ्या आधीच्या रजिस्ट्रारनं प्रायव्हसी पहिल्या वर्षी फुकट दिली आणि रिन्यूअलच्या बिलात ती गुपचूप टिक करून ठेवली. रक्कम डोमेनच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त! कस्टमर केअरचं उत्तर, "मॅम, सिक्युरिटीसाठी रेकमेंडेड आहे." मी डोमेन दुसरीकडे हलवलं. पोर्कबन, नेमचीप या रजिस्ट्रारांकडे डॉट कॉमवर हे फुकट मिळतं. हलवल्यावर नव्या ठिकाणी प्रायव्हसी चालू आहे ना, ते लगेच तपासा. एकदा उघडी पडलेली नोंद जुन्या नोंदी साठवणाऱ्या कंपन्यांकडे राहते. नंतर झाकून ती पुसली जात नाही.

खोटं नाव आणि खोटा नंबर टाकायचा सल्ला बरेच जण देतात. ऐकू नका. ईमेलवर आलेली पडताळणी १५ दिवसांत केली नाही तर डोमेन बंद पडू शकतं, आणि मालकीवरून वाद झाला की खोट्या नावानं काय सिद्ध करणार? प्रायव्हसी जगापासून लपवते, रजिस्ट्रारपासून किंवा कोर्टापासून नाही.

एवढं करून गंमत अशी, की वर्गांची फी घ्यायला पेमेंट गेटवे घेतला तर त्यांनी साइटवर संपर्काचं पान मागितलं, पूर्ण पत्ता आणि फोनसकट. पत्ता द्यावाच लागला. फोनसाठी मात्र दुसरं सिम घेतलंय, ते रात्री आठनंतर बंद असतं.