झिजलेला खुबा आणि चाल: सांधेरोपण की व्यायाम?
खुब्याचा सांधा झिजला की माणूस दुखऱ्या पायावर कमी वेळ भार देतो, पाऊल आखूड पडते आणि धड त्या बाजूला झुकते. सांधेरोपणानंतर वेदना ओसरल्याने पावलाची लांबी आणि चालण्याचा वेग बहुधा स्पष्टपणे वाढतो. मात्र नितंबाचे स्नायू आधीच दुबळे झालेले असल्यामुळे वर्ष उलटल्यावरही काहींचे किंचित लंगडणे उरते, आणि त्याचा दोष केवळ कृत्रिम सांध्याला देणे मला अन्यायाचे वाटते. व्यायामाने वेदना कमी होते, ताकद वाढते, पण चालण्याची ढब तुलनेने कमी बदलते. काठीचा परिणाम तत्काळ दिसतो, अर्थात ती दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरली तर. पुष्कळजण नेमके उलटे करतात. झीज सौम्य असताना आधी व्यायामच योग्य; वेदनेने रात्रीची झोपही मोडू लागली की शस्त्रक्रियेचे पारडे जड होते, मात्र त्यानंतरही व्यायाम सुटत नाही.